बत्तीसचं कार्ड

माझी बायको अवातिफ गेली त्याला आता आठ महिने झाले. तिचा लहानसा लॅपटॉप बंद पडला तो ती गेल्यानंतर सहाव्या महिन्यात. हे सगळं त्यानंतरचं आहे.

मी लिफ्टचा मिस्त्री, लोक उस्ता म्हणतात. कैरोतल्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात माझी एकेचाळीस वर्षं गेली. अवातिफ रोद अल-फरगच्या पोस्टात खिडकीवर बसायची. आमच्या भागातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांची पेन्शन तिच्या हातून गेली आहे. काचेला बोलण्यासाठी भोकं होती, पण तिला त्यांची गरज पडत नसे. तिनं नाव पुकारलं की रस्त्यावरचा चहावालासुद्धा मान वळवायचा.

शेवटच्या वर्षी तिची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीन दिवस तिला रक्त शुद्ध करायला नेत असे. उरलेल्या दिवशी दुपारी ती बाल्कनीत हा लॅपटॉप घेऊन बसायची. ताटलीएवढा लहान, निळ्या झाकणाचा. मी जिना चढून आलो की झाकण बंद.

एकदा मी विचारलं, "काय बोलत असतेस त्याच्याशी?"

"तुझ्या चुगल्या करते."

"खरं सांग."

"तुझ्यासाठी बोलून ठेवतेय, बयूमी. लिहून ठेवलं तर तू वाचणार नाहीस, चष्मा सापडत नाही म्हणशील. रबाबसाठी पण एक आहे. पण मी आहे तोवर हात लावायचा नाही."

"आणि तू बरी झालीस तर?"

"तर सगळं पुसून टाकीन. फार शिव्या घातल्यात मी तुला."

ती बरी झाली नाही. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली, लोक येऊन गेले. मी लॅपटॉप कपाटात ठेवला आणि म्हटलं, पुढच्या शुक्रवारी ऐकू. पुढचा शुक्रवार आला की त्याच्या पुढचा. भीती वाटत होती असं नाही. एकदा ऐकलं की ऐकून संपेल, असं वाटायचं.

आमची मुलगी रबाब इस्माइलियाला असते. ती फोनवर दर वेळी विचारायची, "बाबा, ऐकलंत?"

"नाही अजून."

"ऐका ना. तुम्ही आधी ऐका, मग मी येते. माझं मला एकटीला ऐकायचंय, सांगून ठेवते. तुम्ही बाल्कनीत जाऊन बसायचं."

शेवटी एका शुक्रवारी मी लॅपटॉप लावला. तो म्हणाला, स्वतःला नवीन करतोय, बंद करू नका. मी केला नाही. पांढरं चाक फिरत राहिलं. तिसऱ्या प्रहरी अस्राची अजान झाली, सूर्य मावळताना मग्रिबची झाली, चाक फिरतच होतं. मग पडदा काळा झाला तो पुन्हा उजळला नाही.

आमच्या इमारतीचा राखणदार शहहात हा माझा जुना मित्र. खाली त्याच्या बाकावर आम्ही चहा घेतो. त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बाब अल-लूकला नेलास तर दुरुस्त होईल. पण सोडून येऊ नकोस तिथे."

"का?"

"अरे उस्ता, तू कुठल्या जगात राहतोस? पलीकडच्या गल्लीतल्या त्या पोरीनं फोन दुरुस्तीला टाकला होता. आठ दिवसांत तिच्या मेंदीचे फोटो साऱ्या मोहल्ल्याच्या फोनांत. भाऊ सुरा घेऊन निघाला होता. घरातली बाई, तिचे केस, तिचा आवाज, हे काय दुकानात सोडून यायचं असतं?"

"अवातिफचे तसे काही फोटो नाहीत त्यात."

"आवाज आहे ना?"

हे मला पटलं. का पटलं, ते आता सांगता येणार नाही. आम्ही अशाच घरांतले. माझी आई अनोळखी पुरुषानं दार वाजवलं तर आतून बोलायची नाही, नुसती टाळी वाजवायची.

बाब अल-लूकच्या संगणक बाजारात तिसऱ्या मजल्यावर एका बाईचं दुकान आहे असं कळलं, म्हणून तिथेच गेलो. बाईचं नाव इन्जी. पस्तिशीची असेल, शिकलेली इंजिनियर. शेजारच्या टेबलावर दोन पुरुष फोन उघडून बसले होते. लिफ्ट बंद होती, मी चढून गेलो होतो. मला धाप लागलेली पाहून ती आदरानं म्हणाली, "बसा हाज, आधी श्वास घ्या. ही लिफ्ट दुरुस्त करणारा कुणी या शहरात जन्मलेला नाही."

"जन्मलाय. त्याला कुणी बोलावलं नाही."

ती हसली. मग तिनं लॅपटॉप उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, "याची आतली मेमरी बोर्डालाच चिकटवलेली असते, काढता येत नाही. सगळी मिळून बत्तीस जीबी. भरून गेली होती. त्यात विंडोज स्वतःला नवीन करायला गेलं आणि गुदमरलं. सगळं पुसून परत घालून देऊ?"

"पुसायचं नाही."

"काय आहे आत?"

"माझ्या बायकोचं बोलणं. ती वारली."

तिनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अल्लाह तिच्यावर दया करो. मग याला हात न लावता चालवू. लिनक्स म्हणून एक असतं, ते मेमरी कार्डावर बसवायचं आणि तिथूनच चालवायचं. आतली मेमरी जशीच्या तशी राहील, आणि तुम्हाला त्यातलं उघडून ऐकता येईल. हे मॉडेल कार्डावरून सुरू होतं, मी केलेलं आहे."

तिनं आपला पेनड्राइव्ह लावला आणि लॅपटॉप खरंच उजळला, नवाच चेहरा घेऊन. तिनं दोन-तीन कप्पे उघडले. मग ती यादी आली. बयूमी एक, बयूमी दोन, असे सहा. सातवं, रबाब. प्रत्येकासमोर लांबी. माझी सगळी तीन-चार मिनिटांची. रबाबचं अकरा.

"फाइल धड आहे का बघते," ती म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत तिनं पहिलीवर बोट मारलं.

आधी खोकला आला. मग अवातिफ म्हणाली, "बयूमी, बस आधी."

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. मी झाकण आपटून बंद केलं.

इन्जी दचकली. "हाज, तुटेल ते."

"इथे नको."

"बरं. मग असं करते, या सात फाइली कार्डावर कॉपी करून देते. दोन मिनिटांचं काम. घरी जाऊन कशावरही ऐका."

"तुमच्या संगणकातून जाणार ना त्या?"

"जातील. राहणार नाहीत."

"सगळे असंच सांगतात."

आता तिचा चेहरा बदलला. "उस्ता, मी काय चोर आहे? माझी आई गेली आहे. तिचा एक आवाज नाही माझ्याकडे. मी तुमच्या बायकोचा आवाज घेऊन काय करू?"

मी म्हणालो, "राग मानू नका. कार्ड द्या, काय करायचं ते कागदावर लिहून द्या. मी घरी करतो. एकेचाळीस वर्षं तारा जोडतोय, यादी वाचून काम करता येतं मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सुस्कारा टाकून खण उघडला आणि तीन कार्डं काचेवर मांडली. नखाएवढी. बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस.

"खाली फुटपाथवर घेऊ नका, तिथे वर एक आकडा आणि आत दुसराच असतो. आणि फोटो ठेवायचं साधं कार्ड इथे चालत नाही. लिनक्स चालवायचं म्हणजे कार्डाला सारखं बारीक बारीक वाचावं-लिहावं लागतं. त्यावर ही छोटी खूण हवी, ही पाहा. तिन्हींवर आहे. तुम्ही चौसष्ट घ्या."

"आत किती आहे म्हणालात?"

"बत्तीस."

"मग बत्तीसच द्या."

"चौसष्टला फार फरक नाही हाज, जागा मोकळी राहील."

मी तिला समजावलं. दहाचा फ्यूज उडाला तर दहाचाच घालायचा. पंधराचा घातला तर त्या दिवशी चालतं आणि दोन महिन्यांनी मोटर जळते. जळलेल्या मोटरी मी खूप पाहिल्यात, सगळ्या 'जरा जास्तीचा असू दे' म्हणणाऱ्यांच्या. ती म्हणाली, "हे फ्यूज नाही, उस्ता." मी म्हणालो, "काम सगळीकडे सारखंच असतं." तिनं हात वर केले. "घ्या बत्तीस. चालेल, न चालायला काही नाही."

कागदावर तिनं आठ पायऱ्या लिहून दिल्या. पेनड्राइव्हही दिला, लिनक्स त्यातूनच कार्डावर जाणार होतं. म्हणाली, काम झालं की आणून द्या.

पुढच्या शुक्रवारी नमाजाहून आलो, भात आणि मलुखियाची पातळ भाजी गरम करून खाल्ली, टेबल पुसलं. कागद डावीकडे, लॅपटॉप मधे. कार्ड बाजूच्या खाचेत घातलं, टक्क आवाज झाला. पहिल्या पाच पायऱ्या कागदावर होत्या तशाच घडल्या. मला बरं वाटलं. सहावी होती: कुठे बसवायचं ते विचारेल, तिथे कार्ड निवडा.

त्यानं विचारलं. दोन ओळी आल्या. कार्ड असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं दोन्हींत सारखी, अक्षरन् अक्षर, फक्त शेवटी एकीत शून्य आणि दुसरीत एक. पुढे माप. एकीला ३१.३, दुसरीला ३१.९. बत्तीस एकही नाही.

मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. चौसष्ट घेतलं असतं तर लहान मुलानंही ओळखलं असतं. पण ते मला त्या वेळी सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं की एक शून्य आहे आणि एक एक आहे. इन्जीला फोन करावा असं मनात आलं. पण शुक्रवारी दुकान बंद, आणि मी तिला काय म्हणून आलो होतो तेही आठवलं.

मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. लिफ्टच्या पाटीवर शून्य म्हणजे तळमजला. बाहेरून येणारा माणूस आधी शून्यावर पाय ठेवतो. घरातले वर, एकवर, दोनवर राहतात. कार्ड बाहेरून आलेलं. म्हणजे कार्ड शून्य. अवातिफ वर, एकवर.

मी शून्य निवडलं.

त्यानं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? कार्ड कोरंच होतं. मी हो म्हटलं. त्यानं पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं.

वीस मिनिटं लागली. मी तेवढ्यात चहा केला. झालं असं त्यानं सांगितल्यावर पेनड्राइव्ह काढला, बंद करून चालू केला, आणि लॅपटॉप उघडला. निळा-हिरवा पडदा, कडेला चित्रं, सगळं नवंकोरं. मी एकटाच मोठ्यानं म्हणालो, "बघ, जमलं." खुर्ची ओढून घेतली, पाठीला उशी लावली, चहा जवळ घेतला. तिनं बस म्हटलं होतं, म्हणून नीट बसलो.

मग कप्पे उघडले. इन्जीनं उघडला होता तो कप्पा सापडेना. एकेक उघडून पाहिला, सगळे रिकामे. वाटलं, कार्ड खाचेत नीट बसलं नसेल. लिफ्टचं दार अर्धवट लागलं की सगळंच अडतं, तसं काही असेल. कार्ड दाबलं, ते बाहेर आलं. फुंकर मारून पुन्हा घालायला गेलो आणि माझं लक्ष पडद्याकडे गेलं.

लॅपटॉप चालू होता. कार्ड माझ्या हातात होतं आणि तो चालूच होता.

मी त्याला बंद करून पुन्हा चालू केलं, कार्ड हातातच धरून. तो उजळला. निळा-हिरवा पडदा, कडेला चित्रं. ज्याच्यावर चालायला हवा होता ते माझ्या बोटांत होतं. मग तो कशावर चालतोय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. शून्य ही आतली मेमरीच होती.

शनिवारी दुकान उघडायच्या आधीच मी जिन्यावर बसून होतो. इन्जीनं ऐकून घेतलं, कागद पाहिला, कपाळाला हात लावला. "बत्तीस आणि बत्तीस! म्हणूनच मी चौसष्ट सांगत…" मग थांबली. "नाही. खोटं कशाला बोलू? मलाही तेव्हा हे सुचलं नव्हतं. आणि शून्य-एक लिहून द्यायला हवं होतं मी."

"परत आणता येईल?"

"ठेवून जाल?"

मी ठेवून आलो. या वेळी शहहातला विचारलं नाही.

तिनं तीन दिवस प्रयत्न केला. मंगळवारी गेलो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बाहेर गेले, मला जागा करून दिल्यासारखे. त्यांनाही तिनं कामाला लावलं होतं असं नंतर कळलं. तिनं लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला.

"तुकडे निघाले, हाज. विंडोजचे. एका फाइलचं नाव निघालं, आत काही नव्हतं. ही मेमरी पुसली की तिला मागचं राहत नाही. कुणाकडेही न्या, पण मला वाटत नाही."

मी पैसे विचारले. ती म्हणाली, "जा आता, उस्ता," आणि तोंड फिरवलं.

रबाबला फोनवर सांगायला तोंड उघडेना. मी म्हणालो, "शुक्रवारी ये." तिला वाटलं, ऐकायला बोलावलं.

ती सकाळीच आली. पोरांना सासूकडे सोडून आली होती. डब्यात महशी होती, भात भरलेल्या भाज्या, वरच्या थरात कोबीची, खाली वांग्याची. पर्समधून तिनं एक लहान पांढरी डबी काढून टेबलावर ठेवली. कानात घालायची, बिनतारेची. "नवीन घेतली," ती म्हणाली. "स्वच्छ ऐकू येतं. तुम्ही ऐकलंत ना सगळं?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. दुकान, कार्ड, शून्य, सगळं क्रमानं सांगितलं, कारण क्रमाशिवाय मला सांगता येत नाही. ती मधे एकदाच बोलली.

"तिथे कॉपी करून देत होती ती बाई?"

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"दोन पुरुष होते तिथे."

"कुणापासून लपवत होतात, बाबा?" तिचा आवाज चढला. "एकतीस वर्षं ती खिडकीवर बसून ओरडत होती! साऱ्या रोद अल-फरगनं ऐकलंय तिला. हलवायानं ऐकलंय. शहहातनं ऐकलंय. आता ऐकायचं राहिलंय फक्त माझं!"

ती उठून बाल्कनीत गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. परत आलो तर ती टेबलाशी बसली होती, डोळे पुसून.

"माझं केवढं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "अकरा मिनिटं."

"आणि तुमची?"

"तीन. चार. एखादं पाच."

"अकरा मिनिटं," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, हळू, जणू घड्याळावर मोजून पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय असेल त्यात? चौतीस वर्षं राहिलात तुम्ही तिच्याबरोबर. अंदाज तरी सांगा."

मी विचार केला. खरोखर केला. म्हणालो, "सासूशी जमवून घे म्हणाली असेल. नोकरी सोडू नकोस म्हणाली असेल. पोरांना उन्हात…"

"हे तुम्ही म्हणताय."

"हो."

"आई असं बोलायची नाही."

"नाही बोलायची."

मला तिचं बोलणं आठवत होतं, ती कशी बोलायची ते आठवत होतं, पण ती पुढे काय म्हणाली असती ते येईना. संध्याकाळी घरी आलो की मी बोलायचो. कुठली केबल तुटली, कुठल्या मालकानं कसं फसवलं. ती ऐकायची. पोस्टात दिवसभर बोलून तिचा घसा बसलेला असायचा, आणि मला वाटायचं, तिला ऐकायलाच आवडतं. तिला स्वतःला काय सांगायचं होतं ते तिनं त्या यंत्राला सांगितलं, कारण ते मधे बोलत नव्हतं. हे मी रबाबला सांगितलं नाही. तिला माहीत असावं.

आम्ही महशी खाल्ली. ती चांगली झाली होती, मी तसं म्हणालो. तिनं भांडी धुतली. पांढरी डबी पर्समध्ये टाकली. चारच्या गाडीसाठी मी तिला थांब्यापर्यंत सोडायला गेलो. गाडीत चढताना ती म्हणाली, "पोचल्यावर फोन करते." हे ती दर वेळी म्हणायची, पण आईला म्हणायची. मग तासभर त्यांचं चालायचं. आताच भेटून गेलेल्या माणसाशी एवढं काय बोलायचं असतं, म्हणून मी वैतागायचो.

सव्वासहाला फोन वाजला.

"पोचले, बाबा."

"बरं झालं."

तिनं फोन ठेवला नाही. मागे तिची पोरं कशावरून तरी भांडत होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी उभा होतो तो खुर्चीवर बसलो.

"गाडीला गर्दी होती का?" मी विचारलं.

"नव्हती," ती म्हणाली.